पलीकडच्या खोलीतला उकाडा

तिसऱ्या तासाला, फळ्यावर समीकरणाची दुसरी ओळ लिहीत असताना वर्ग गार करणारं मशीन बंद पडलं. आधी छतातून कोणी लांब सुस्कारा टाकावा तसा आवाज आला, मग काहीतरी खडखडलं, आणि मग काहीच नाही. गणिताच्या बाईंचा खडू होता तिथेच थांबला. अठरा वर्षं त्या त्या घरघरीत शिकवत आल्या होत्या. घरघर इतकी अंगवळणी पडली होती की ती आहे हेच त्या विसरल्या होत्या, आणि आता ती गेल्यावर खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. कोणाची तरी पट्टी खाली पडली, तिचा केवढा तरी आवाज झाला. मुलांनी छताकडे माना वळवल्या. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून एक पुरुषी आवाज अगदी स्वच्छ आला, "वाऱ्याला घाई कसली असते, सांगा बघू? कोण वाट बघत असतं त्याची?" तिथलं कोणीतरी काहीतरी बोललं. "वा रे माझ्या शहाण्या! म्हणजे वारा घरी जेवायला चाललाय म्हणतोस?" पलीकडे हशा पिकला. किती मोकळा, खेळकर आवाज! बाईंना वाटलं, कोण हे गृहस्थ? भूगोलाला नवीन कोणी आलं की काय? तिसऱ्या वाक्याला त्यांच्या ध्यानात आलं की तो आपला नवरा आहे. नवऱ्याचा आवाज ओळखायला तीन वाक्यं लागावीत ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून त्यांनी ती कोणालाच सांगितली नाही. पलीकडे सर म्हणत होते, "थंड हवा नेहमी गरम जागेकडे धावते. हा नियम. नियमाला अपवाद एकच, आपल्या गणिताच्या बाई. त्या आधीच गारठलेल्या, तरी जगातली सगळी थंड हवा पत्ता विचारत विचारत त्यांच्याकडेच मुक्कामाला जाते." आता दोन्ही वर्ग हसले. बाईंच्या वर्गातल्या मुली तोंडावर हात धरून बाईंच्या स्वेटरकडे बघायला लागल्या. एरवी बाईंनी सगळ्यांना उभं केलं असतं. आज त्या फळ्याकडे वळल्या, आणि समीकरणात बरोबरचं चिन्ह दोनदा काढून बसल्या.

घरी सरांचा हा आवाज नव्हता. घरी आले की सर आधी शर्ट काढत, पंखा पाचवर करत आणि उघड्या फरशीवर डोळ्यांवर हात ठेवून पडून राहत. अर्धा तास कोणी काही बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. नवीन इमारत झाली, शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या म्हणून दोघं पेढे मिळाल्यासारखी खूश झाली होती, त्याच्या पुढच्या महिन्यातली एक संध्याकाळ बाईंना अजून आठवते. त्या वर्गातून बोटं बधिर होऊन आल्या होत्या, नखं निळसर दिसत होती. लग्नानंतरच्या वर्षात करायच्या तशी त्यांनी गंमत म्हणून ती बोटं सरांच्या मानेवर ठेवली. सर दचकून बाजूला झाले. "अंगाला हात लावू नकोस. जीव उकडून निघालाय माझा." ते रागावून म्हणाले नव्हते, दमून म्हणाले होते. पण माणूस दमून जे बोलतो ते जास्त दिवस राहतं. त्यानंतर बाई घरी आल्या की आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडीपाशी उभ्या राहत. गरम पाण्यात भांडी घासणं ही त्यांची चैन होती. डॉक्टरांनी दोघांच्या सगळ्या तपासण्या केल्या. बाईंच्या रक्तात काही कमी नाही, सरांच्या दाबात काही जास्त नाही. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि म्हणाले, "प्रकृती असते एकेकाची." झालं, तेव्हापासून घरात तो कायदाच झाला. यांची प्रकृती गरम, हिची थंड. शाळेतल्या तक्रारवहीत दोघांनी कितीदा लिहिलं. मशीनवाले यायचे, गच्चीवर जायचे, गॅस तपासायचे आणि खाली येऊन सांगायचे, मशीन ठणठणीत आहे. मग वहीत लिहायचाही कंटाळा आला. लेकीचं लग्न झालं, तिची खोली रिकामी झाली, तेव्हा "थोडे दिवस मी तिकडे झोपते, तुमच्या पंख्याने मला शिंका येतात" असं म्हणून बाईंनी आपली रजई उचलली. त्या थोड्या दिवसांना यंदा नऊ वर्षं झाली.

आणि म्हणूनच ते ठरलं तेव्हा आवाज असा काही झालाच नाही. सर या सत्राच्या शेवटी निवृत्त होणार, बाईंची तीन वर्षं बाकी. मोठ्या दिरांचं डोंगरावर घर होतं, तिथे उन्हाळ्यातही शाल लागते. सकाळी चहाच्या वेळी सर म्हणाले, "मी दादाकडे जाऊन राहीन म्हणतो. इथला उकाडा आता झेपत नाही." बाई म्हणाल्या, "बरं." सर म्हणाले, "तुला काही तिथली थंडी सोसायची नाही." बाई म्हणाल्या, "नाही सोसायची." "सुट्टीत येत जा." "येईन ना." मग बाईंनी विचारलं, चहा अजून देऊ का, आणि सर म्हणाले, अर्धा. तीस वर्षांच्या संसाराचा निकाल अर्ध्या कपात लागला. ओळखीपाळखीच्यांनी दोघांचं कौतुक केलं, किती समजूतदार म्हणून. लेक तेवढी फोनवर चिडली. "आई, तुम्ही भांडत का नाही गं? चार भांडी आपटा. मला जरा बरं वाटेल." बाई म्हणाल्या, भांडायला काही कारण तर हवं. काही दिवसांनी दिरांचा निरोप आला, खोली रंगवून झालीय, खाट एक लावू की दोन? सरांनी बाईंच्या समोरच बसून उत्तर लिहिलं, एकच. तेवढा शब्द लिहायला त्यांना किती वेळ लागला ते बाईंनी पाहिलं नाही. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, आणि मान वर करणं काही केल्या जमलं नाही. मशीन बंद पडलं त्या दिवशी सरांच्या जाण्याला एकवीस दिवस उरले होते. दिवस मोजायची बाईंना मुळीच इच्छा नव्हती, पण मोजणं हा त्यांचा पेशाच पडला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जाहीर केलं की जुनं मशीन दुरुस्तीपलीकडे गेलंय, सगळंच नवीन बसवायचं. तोवर खिडक्या उघडा. आता त्या खिडक्या अठरा वर्षांपूर्वी स्क्रू मारून बंद केलेल्या. शिपायाने एकेक स्क्रू फिरवून काढला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरचं सगळं आत आलं, झाडांची सळसळ, कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर, लांबून कोणाची तरी कुत्र्याला हाक. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वेटर खुर्चीच्या पाठीला अडकवला. चौथ्या दिवशी तो घरीच विसरला. शिकवता शिकवता आपले हात उघडे आहेत आणि त्यांवर ऊन पडलंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि उगाचच भरून आलं. शिवाय त्या रोज तिसऱ्या तासाला मुलांना दहा-दहा उदाहरणं घालू लागल्या आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहू लागल्या. पलीकडे सर नदीबद्दल बोलत, वाळवंटाबद्दल बोलत, आणि बोलता बोलता मुलांची अशी फिरकी घेत की बाईंना हसू आवरेना. हा माणूस तर मला माहीत होता, त्यांना वाटायचं. हा माणूस मी पसंत केला होता. मग मधल्या काळात मी कोणाच्या घरात राहत होते? वर्गातली मुलं मात्र हैराण झाली होती. बाईंना झालंय काय, एवढी उदाहरणं कशाला, असं एकमेकांना खुणेने विचारत होती.

घरीही काहीतरी चुकल्यासारखं चाललं होतं. सर आले की फरशीवर पडत नव्हते. शर्ट अंगात ठेवूनच खुर्चीत बसत, पेपर वाचता वाचता पेंगत, मधेच गुणगुणत. एका संध्याकाळी ते उठले आणि खिडकी लावून घेतली. "वारं आहे जरा," म्हणाले. बाई भाजी चिरत होत्या, सुरी तशीच हातात राहिली. खिडकी, आणि यांनी लावली? आणि तेव्हा त्यांना तो पहिला संसार आठवला, एकाच खोलीचा. एक खाट, एक पांघरूण, आणि पहाटे कुडकुडत जाग यायची ती नेहमी बाईंना, कारण सगळं पांघरूण ओढून, गुडघे पोटाशी घेऊन हे झोपलेले असायचे. सकाळी विचारलं तर म्हणायचे, मी कशाला ओढू, पांघरूणच माझ्याकडे आलं. हेच ते गरम प्रकृतीचे गृहस्थ! इतकी साधी गोष्ट आपण विसरलो कशा? माणसाची प्रकृती अशी मधेच बदलते का, आणि बदलली तर नेमकी कोणत्या वर्षी? बाईंनी मनातल्या मनात वर्षं मागे मोजत नेली आणि नवीन इमारतीपाशी येऊन थांबल्या. तिथे वयही होतं, लेकीचं आजारपण होतं, सासूबाईंचं जाणं होतं. कोणत्या तरी एका गोष्टीवर बोट ठेवावं असं काही दिसेना. पण रात्री रजई घेऊन लेकीच्या खोलीकडे जाताना त्या पहिल्यांदाच दारात क्षणभर रेंगाळल्या. सर झोपले होते, पंखा बंद होता.

बारा दिवस उरले असताना मेकॅनिक वर्गखोल्यांपर्यंत पोचला. गच्चीवरचं धूड उतरवून झालं होतं, आता आतलं काम. नाकावर घसरलेला चष्मा, कानामागे पेन्सिल, वयाने बाईंच्याच बरोबरीचा. मधल्या सुट्टीत मुलं मैदानावर होती आणि बाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्याने भिंतीवरची तापमानाची डबी उघडली, तिच्यातल्या वायरी ओढून पाहिल्या, मग शिडीवर चढून खोट्या छताचा एक चौकोन सरकवला, आत डोकं घातलं, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"बाई," आतूनच आवाज आला, "या खोलीत थंडी वाजायची का हो?"

"वाजायची म्हणजे? बोटं निळी पडायची."

"आणि पलीकडे उकडायचं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो खाली उतरला. चेहरा पडलेला. "वायरींनी," म्हणाला. "प्रत्येक खोलीच्या पाइपात एक झडप असते, बाई. खोली पुरेशी गार झाली की डबी झडपेला सांगते, मिट. तापली की सांगते, उघड. आता तुमच्या भिंतीवरची ही डबी पलीकडच्या झडपेला जोडलीय. आणि सरांची डबी तुमच्या."

बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. "थांबा. मला थंडी वाजली की मी डबीवरचा काटा वर ढकलायचे."

"की सरांकडचा गार वारा बंद."

"मग त्यांना उकडायचं. ते आपला काटा खाली ढकलायचे."

"की तुमच्याकडची झडप सताड उघडी."

"मग मी अजून वर."

"आणि ते अजून खाली." मेकॅनिकने चष्मा काढून शर्टाला पुसला. "चूक माझीच आहे, बाई. मीच होतो या कामावर. मी छतात, आणि खाली माझा मेहुणा. तो दाराकडे तोंड करून डावी, उजवी अशा चिठ्ठ्या लावायचा आणि मी वर खिडकीकडे तोंड करून जोडायचो. त्याची डावी ती माझी उजवी. बाकीच्या खोल्या एकेकट्या, त्यांचं काही बिघडलं नाही. जोडखोल्या या दोनच. दोन्हीकडे हवा येतेय म्हटल्यावर आम्ही हत्यारं उचलली आणि गेलो. नवीन काम नीट करून देतो, पण झालं ते झालं. तुम्ही मोठ्या बाईंना सांगा खुशाल."

बाई म्हणाल्या, राहू द्या, तुम्ही चहा घ्या. त्याला पाठवून दिल्यावर त्या पहिल्या बाकावर, मुलांच्या जागेवर बसल्या. उदाहरण अगदी सोपं होतं. दोन माणसं, दोन डब्या, आणि दोघांपैकी एकाने कधीतरी आपली डबी तशीच सोडून दिली असती तरी एवढं झालं नसतं. पण दोघंही बिचारी आपापल्या जिवाला जरा बरं वाटावं एवढंच बघत होती, आणि त्यात काही वावगंही नव्हतं. रोज सहा तास त्यांनी आपल्या हाताने नवऱ्याला शिजवलं होतं. घरी आल्यावर तोच माणूस फरशीवर पडला की मनात म्हणायच्या, बघा, आले की पडले. बाईंना हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे नाकातून विचित्र आवाज निघाला. आत्ताच्या आत्ता पलीकडे जावं आणि सांगावं, म्हणून त्या उठल्याही. दारापर्यंत गेल्या आणि पाय तिथेच थांबले. कारण एक वेगळीच शंका आली. उकाडा होता तोवर सरांच्या जाण्याला कारण होतं. उकाडा कोणाचा अपमान करत नाही. बायकोला कंटाळून गेले असं कोणी म्हणणार नव्हतं, खुद्द बाईसुद्धा स्वतःशी म्हणणार नव्हत्या. आता हे कारण काढून घ्यायचं, आणि तरीही ते "अरेच्चा, असं होय" म्हणाले आणि बॅग भरून गेले तर? मग उरलेली वर्षं त्या घरात काय समजून राहायचं? गप्प बसणं किती सोपं होतं. मेकॅनिक वायरी नीट जोडून देणार, बारा दिवसांनी सर जाणार, सगळे म्हणणार किती समजूतदार. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी बाई दारातच उभ्या होत्या.

पण निर्णय त्यांच्यावर सोडायला शाळेला वेळ नव्हता. सरांच्या खोलीतलं छत आधी उघडायचं ठरलं, त्यामुळे शिपाई येऊन सांगून गेला की आजचे उरलेले तास जोडवर्ग. पाचच मिनिटांत सरांची मुलं दप्तरं घेऊन बाईंच्या खोलीत घुसली, एकेका बाकावर तिघं तिघं, कोणी खिडकीत, कोणी जमिनीवर. मागून सर आले, नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन, परक्याच्या घरी आल्यासारखे जरा अवघडून. "अर्धा फळा मिळेल का, बाई?" मुलं खिदळली. बाईंनी मुलांना पानभर बेरजा-वजाबाक्या घातल्या, इतक्या सोप्या की मुलं एकमेकांकडे बघायला लागली, आणि सरांना म्हणाल्या, "जरा बाहेर या."

"इथेच बोल ना. पोरं सुटतील."

"बाहेर या, अहो."

शाळेत त्यांनी सरांना अहो म्हटल्याला पुष्कळ वर्षं झाली होती. सर निमूट बाहेर आले. वर्गाच्या खिडकीपाशीच व्हरांड्यात उभं राहून बाईंनी सगळं सांगितलं, सिद्धता मांडावी तसं, आधी डबी, मग झडप, मग मेहुण्याची डावी आणि मेकॅनिकची उजवी. सर ऐकत होते. आधी ते हसले, अगदी मोठ्याने. मग हसता हसता थांबले आणि त्यांनी नकाशाची गुंडाळी कठड्याला उभी करून ठेवली.

"म्हणजे तुला गारठवत होतो तो मी."

"आणि तुम्हाला उकडत होते ती मी."

"तुझी बोटं निळी व्हायची," सर म्हणाले. "मी बघायचो. बघायचो आणि दुसऱ्या दिवशी येऊन काटा अजून खाली करायचो." त्यांचा आवाज आता वर्गातलाही नव्हता आणि घरातलाही नव्हता. "आता काय करायचं याचं?"

याचं काय करायचं ते बाईंना माहीत नव्हतं. सिद्धता तिथेच संपली होती. पुढचं कुठून सिद्ध होणारं नव्हतं, ते नुसतं म्हणायचं होतं, आणि तीस वर्षांत म्हटलं नव्हतं.

"जाऊ नका," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दादांकडे. जाऊ नका. वायरीचं कळलं म्हणून म्हणत नाही मी. उद्या नवीन मशीन लागल्यावरही तुम्हाला उकडलं, तरी जाऊ नका. मला तुम्ही घरात हवे आहात."

खिडकीतून दोन-तीन डोकी वर आली आणि बाईंची नजर पडण्याआधीच खाली गेली.

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्हाला उकडत होतं ना."

"मी तुला चल म्हणणार होतो. कितीदा तरी. ओठावर यायचं. पण तू सारखी कुडकुडत असायचीस, म्हटलं, हिला कशाला—" सरांनी खिसे चाचपले, बाईंना वाटलं रुमाल शोधतायत. निघाला फोन.

मोठ्या दिरांना हल्ली कानाला फार कमी ऐकू येत होतं. त्यांच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या वाडीला सांगितल्यासारखं व्हायचं.

"दादा! मी बोलतोय! मी येत नाही! ... अरे, येत नाही म्हटलं! ... तब्येत उत्तम आहे! ... तब्येत! ... नाही, गाडीचं काही नाही! बायको जाऊ नको म्हणतेय! ... बायको! ... जाऊ नको म्हणते!"

वर्गातल्या सगळ्या पेन्सिली थांबल्या. शेजारच्या खोलीत छतातून चष्मा घातलेलं एक डोकं खाली लोंबलं. व्हरांड्याच्या टोकाला मोठ्या बाई आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने मजले गप्प होत, त्या गणिताच्या बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या, गाल तापले, आणि आता यांच्या हातातला फोन हिसकावून घेतात की काय असं मुलांना वाटलं. सर फोन कानावर दाबून उभे होते. पलीकडून दीर पुन्हा तेच विचारत असावेत.

"अजून मोठ्याने सांगा," बाई म्हणाल्या.